डोक्याला मार, सीटी नॉर्मल, आणि ‘मी गेलो तरी पेन्शन तुलाच’: एका ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुमचे मिस्टर फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना काश्मीरमध्ये त्यांच्या गाडीजवळ आयईडी (पेरून ठेवलेला बॉम्ब) फुटला. बाहेरून फारसं लागलं नाही, थोडा वेळ शुद्ध गेली आणि नंतर ते ड्युटीवर परतले. गावी आल्यावर मोटारसायकलवरून पडले, पुन्हा डोक्यालाच मार बसला. मग एकदा फिट आली, तेव्हापासून फिटची गोळी चालू आहे. सीटी स्कॅन नॉर्मल. आता ते विसरतात, क्षुल्लक गोष्टीवरून भडकतात, सिक्युरिटीची नोकरी त्यांनी सोडलीय. आणि परवा म्हणाले, “मी गेलो तरी फॅमिली पेन्शन तुला मिळेलच. माझ्यापेक्षा तीच कामाची.” तुमचे मुख्य प्रश्न दोन: हे डोक्याच्या मारामुळे आहे की मनाचं दुखणं? आणि त्यांना थेट विचारलं तर नसलेला विचार आपणच डोक्यात घालू का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. विचारा. आजच विचारा. विचारल्याने कोणाच्या मनात असा विचार रुजत नाही. या विषयावरच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट बहुतेक माणसं सुटल्यासारखा श्वास सोडतात. आडवळणाने मात्र विचारू नका. “तुम्ही काही वेडंवाकडं तर करणार नाही ना?” या प्रश्नाला घरातल्या माणसाला ‘नाही’ एवढंच उत्तर देता येतं. त्याऐवजी, पोरं झोपल्यावर, शांत आवाजात: “अहो, परवा तुम्ही पेन्शनचं बोललात ते माझ्या मनातून जात नाही. जीव द्यावा असं वाटतं का तुम्हाला?” ‘हो’ म्हणाले तर रडू नका, शपथ घालू नका. पुढचा प्रश्न विचारा: कधी, कसं, काही ठरवलंय का? ठरवलं असेल, किंवा हाताशी काही आणून ठेवलं असेल, तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात घेऊन जा. गरज पडली तर ११२ लावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, आणि तो पेशंटसाठी जितका आहे तितकाच तुमच्यासाठीही आहे.

आता पहिला प्रश्न. मेंदूला मार लागलेल्यांच्या पुनर्वसनात मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि फौजी कुटुंबांकडून हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. त्याच्या मागे काय असतं तेही ठाऊक आहे. मेंदूची जखम म्हटलं की ती मर्दुमकीची, मनाचं म्हटलं की कमजोरीची. त्यामुळे ‘मेंदूच आहे’ असं डॉक्टरांनी एकदा म्हणावं अशी घरच्यांची फार इच्छा असते. खरं सांगायचं तर ही वाटणी मला उपचारात कधीच कामी आलेली नाही. या माणसात आज काय काय बिघडलंय आणि त्यातलं काय दुरुस्त करता येईल, हा प्रश्न कामाचा.

डोक्याचा मार आणि आत्महत्या यांचा संबंध आहे का, तर आहे, आणि चांगलाच तपासलेला आहे. डेन्मार्कमध्ये १९८० ते २०१४ या काळातल्या ७० लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. डोक्याला मार लागून ज्यांची दवाखान्यात नोंद झाली होती त्यांच्यात आत्महत्येचं प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट, १.९ पट, निघालं. दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले सहा महिने सर्वांत धोक्याचे, आणि मार जितक्या वेळा तितका धोका जास्त. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या नोंदींवरून २०११ साली आलेल्या अभ्यासात हे प्रमाण १.५५ पट होतं. २०१९ च्या अभ्यासात नैराश्यासारख्या आजारांचा हिशेब वेगळा काढूनही सौम्य मारात १.६२ पट आणि मध्यम वा गंभीर मारात २.४५ पट धोका उरला. म्हणजे सगळं नैराश्याच्या खात्यावर टाकता येत नाही. मेंदूच्या जखमेचा स्वतःचा वाटा आहे.

इराकमध्ये तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांचा २०१३ सालचा एक छोटा अभ्यास मला तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचा वाटतो. डोक्याला मार लागल्याच्या संशयावरून तपासणीला आलेले १६१ जण होते. ज्यांना कधीच मार नव्हता त्यांच्यात आयुष्यात कधी आत्महत्येचा विचार आल्याचं कोणी सांगितलं नाही. एकदाच मार लागलेल्यांत असे ६.९ टक्के, आणि एकाहून जास्त वेळा लागलेल्यांत २१.७ टक्के. तुम्ही स्फोट आणि मोटारसायकल या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून लिहिल्यात. डॉक्टरांना सांगताना त्या एकाखाली एक सांगा. शिवाय बॉक्सिंग खेळले का, तोफखान्यात होते का, भरतीआधी कधी झाडावरून पडले होते का, हेही.

पण हे आकडे उलट्या बाजूनेही वाचायला हवेत. धोका दुप्पट झाला तरी डोक्याला मार लागलेल्यांपैकी बहुसंख्य लोक आत्महत्या करत नाहीत. आणि अमेरिकेचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे बसत नाहीत. तिथे घरात बंदूक असणं साधी गोष्ट, आपल्याकडे एकत्र कुटुंब, शेती, कर्ज, दारू यांची वेगळी गुंतागुंत. दिशा तीच आहे, पट मात्र पाठ करू नका.

सीटी नॉर्मल असताना मेंदूला इजा कशी, हे तुमच्या दिरांनी विचारलंय म्हणता. सीटी नॉर्मल याचा अर्थ आत रक्त साचलेलं नाही, हाड मोडलेलं नाही, तातडीने ऑपरेशन लागणार नाही. एवढाच. मेंदूतले लांब धागे, ज्यांतून एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला जातो, ते ताणले किंवा तुटले तर सीटीत दिसत नाहीत. विशिष्ट प्रकारच्या एमआरआयमध्ये कधी दिसतात, कधी नाही. स्फोटाच्या दाबाची लाट तर बाहेर ओरखडा न उठवताही मेंदूतून जाते. जानेवारी २०२० मध्ये इराणने इराकमधल्या अल असद तळावर क्षेपणास्त्रं टाकली, तेव्हा आपलं कोणीही जखमी नाही असं अमेरिकेने आधी जाहीर केलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत १०९ सैनिकांना मेंदूला इजा झाल्याचं निदान झालं. लागलं तेव्हा माणूस चालत-बोलत होता, एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

मग मारापासून या विचारांपर्यंत वाट कशी जाते? एकच वाट नाही, पण मला वारंवार दिसणारी सांगतो. कपाळामागचा मेंदूचा भाग दोन कामं करतो: पुढचा मार्ग आखणं आणि उसळलेल्या भावनेला थोपवून धरणं. धक्का बसला की कवटीच्या खडबडीत हाडावर घासून नेमका हाच भाग जास्त दुखावतो. परिणाम असा की अडचण आली तर दुसरा रस्ता सुचत नाही, आणि राग किंवा निराशा आली की ब्रेक लागत नाही. निराशा तुम्हालाही येते, मलाही येते. पण विचार आणि कृती यांच्यामध्ये आपल्याला जो वेळ मिळतो, तो या माणसांचा आखूड झालेला असतो. म्हणूनच ‘दोन तासांपूर्वी तर हसत होते’ असं घरचे सांगतात, आणि ते खरं असतं.

दुसरी वाट आठवणींची. दुखापतीत शुद्ध गेलेल्या अमेरिकी सैनिकांपैकी ४३.९ टक्के जणांत नंतर पीटीएसडीची (भयंकर प्रसंगानंतर मनात मागे राहणाऱ्या आघाताची) लक्षणं सापडली; ज्यांना काहीच दुखापत नव्हती त्यांच्यात ९.१ टक्के. ही २००८ सालची पाहणी. रात्री दचकून उठणं, दिवाळीत फटाक्यांच्या वेळी आतल्या खोलीत जाऊन बसणं, रस्त्यावरच्या कचऱ्याच्या ढिगाला वळसा घालून जाणं, हे असेल तर मार आणि पीटीएसडी दोन्ही एकत्र आहेत असं धरून चालावं. दोन्हीवर उपचार आहेत.

तिसरी वाट कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही. ज्याच्या शब्दावर दहा जणांचं सेक्शन हलायचं, त्याला किराण्याच्या चार वस्तू लक्षात राहत नाहीत, आणि बायको यादी लिहून देते तेव्हा दुकानदारासमोर खिशातून चिठ्ठी काढायची लाज वाटते. ऑस्ट्रेलियात मेंदूला मार लागलेल्यांच्या पाहणीत ३५ टक्के जणांत खोल हताशपणा आढळला आणि २३ टक्के जणांत आत्महत्येचे विचार. हताशपणा आधी येतो, हे मी रोज पाहतो. गंमत अशी, ‘गंमत’ हा शब्द इथे बरा नाही खरं तर, की पेशंट सुधारू लागला, आपलं काय गेलंय हे त्याला कळू लागलं, की तो जास्त उदास होतो. ‘आता जरा बरे दिसतायत’ म्हणून लक्ष काढून घेऊ नका.

आता दुरुस्त करता येण्यासारख्या गोष्टी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमच्या ओपीडीत सर्वांत जास्त फायदा इथेच होतो, आणि नेमकं हेच राहून गेलेलं असतं.

फिटच्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पाकीट काढून बघा. त्यावर लेव्हेटिरासेटाम लिहिलं असेल, तर चिडचिड कधी वाढली आणि गोळी कधी सुरू झाली याच्या तारखा शेजारी शेजारी लिहा. औषध चांगलं आहे, फिट थांबवतं, म्हणूनच सर्रास दिलं जातं. पण काही जणांत ते चीड, उदासी आणि क्वचित आत्महत्येचे विचार वाढवतं. फिटच्या सगळ्याच औषधांबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये तसा इशारा दिला होता. तारखा जुळत असतील तर न्यूरोलॉजिस्ट गोळी बदलून देऊ शकतात, आणि तेवढ्यावर माणूस निवळलेला मी पाहिलाय. पण आपल्या मनाने बंद करायची नाही. अचानक बंद केली तर फिट परत येते, आणि ती आधीपेक्षा जोरात येऊ शकते.

झोपेसाठी कोणी अल्प्राझोलमसारखी गोळी चालू केली असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. गावोगाव ती सहज मिळते. मार लागलेल्या मेंदूत ती आठवण आणखी पुसट करते, आणि कधी कधी असलेला ताबाही काढून घेते. दुखण्यावर ट्रॅमाडॉल चालू असेल तर तेही सांगा. फिट येणाऱ्या माणसाला ते चालत नाही.

झोपेबद्दल अजून एक. ते मोठ्याने घोरतात का, घोरता घोरता श्वास थांबल्यासारखा होतो का, सकाळी डोकं जड असतं का? तसं असेल तर झोपेची तपासणी करून घ्या. तुटक झोपेवर सहा महिने काढलेल्या कोणाचंही मन ठिकाणावर राहत नाही, मार असो वा नसो.

कॅन्टीनच्या दारूच्या कोट्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही, आणि बायका सहसा लिहीत नाहीत. मार लागलेल्या मेंदूला पूर्वीइतकी दारू पेलत नाही. पूर्वीचे दोन पेग आता चारचं काम करतात, फिट येण्याची शक्यता वाढवतात आणि जो थोडाफार आवर उरलाय तोही घालवतात. आमच्याकडे ज्या रात्री प्रसंग ओढवतात त्यांतल्या बऱ्याच रात्री घेतलेली असते. पण रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका दिवसात तोडू नका; त्यानेही फिट येते, वातभ्रम होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावी लागते.

हार्मोन्स. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी बारीक देठाने लटकलेली असते, आणि धक्क्यात ती दुखावू शकते. मग सतत थकवा, इच्छा मरणं, उदासी, हे सगळं नैराश्यासारखंच दिसतं. सकाळचं कॉर्टिसॉल, टेस्टोस्टेरॉन आणि थायरॉइड तपासा. थायरॉइडमध्ये फक्त टीएसएच (पिट्युटरीतून येणारं, थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन) बघून ‘ठीक आहे’ म्हणू नये: पिट्युटरीच बिघडली असेल तर टीएसएच नॉर्मल येऊनही थायरॉइड कमी असू शकतं. सोबत फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, हवं. ही तपासणी फार कमी ठिकाणी लिहून दिली जाते, म्हणून तुम्हीच विचारा.

आणि मोटारसायकलच्या अपघातानंतर नव्याने डोकेदुखी, पेंग, चालताना तोल जाणं, एका हातात जोर कमी असं काही असेल, तर पूर्वीचा सीटी नॉर्मल होता यावर विसंबू नका. कवटीखाली हळूहळू रक्त साचत जाण्याचा प्रकार असतो, विशेषतः पन्नाशीनंतर आणि पिणाऱ्यांत. तो ऑपरेशनने बरा होतो. स्कॅन पुन्हा करावा लागतो.

एवढं तपासून झाल्यावर नैराश्याचं औषध आणि बोलण्याचे उपचार. औषध या पेशंटांत आम्ही कमी मात्रेपासून हळूहळू वाढवतो. बोलण्याच्या उपचारात मात्र नेहमीची पद्धत चालत नाही. तासभर बोलून घरी पाठवलं तर अर्धं बसस्टँडपर्यंत विसरलेलं असतं. अर्ध्या तासाची भेट, एका वेळी एकच मुद्दा, आणि तो लिहून द्यायचा. सिडनीत मेंदूला मार लागलेल्यांच्या हताशपणावर असा एक गटोपचार तयार झाला, पुढे तो डेन्व्हरमध्ये निवृत्त सैनिकांवर तपासला गेला आणि हताशपणा कमी झाला. आमच्याकडे आम्ही त्याच धाटणीचं काम मराठीत करतो.

विचार उसळला की काय करायचं याचा कागद आधीच तयार ठेवणं, याचा पुरावाही चांगला आहे. अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या दवाखान्यांत तातडीच्या विभागात असा कागद करून देऊन नंतर फोनवर चौकशी ठेवली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित कृती ४५ टक्क्यांनी कमी झाल्या. माझा अनुभव असा की छापील फॉर्म दिला तर तो दवाखान्याच्या फायलीत जातो आणि तिथेच राहतो. म्हणून मी जाड कागदाचा तुकडा देतो, मोबाइलच्या कव्हरमध्ये मागे बसेल एवढा. लिहायचं पेशंटने, त्याच्याच अक्षरात, पाच ओळींत. एकाचा असा होता: ‘कानात शिट्टी वाजायला लागली, आवाज चढला की थांब. बाहेर ओट्यावर. तोंडावर पाणी. पलटणीतल्या दोस्ताला फोन, काय बोलायचं सुचलं नाही तरी लावायचा. नाही उचलला तर १४४१६.’ धोक्याची पहिली खूण प्रत्येकाची वेगळी असते, ती त्याच्याकडूनच काढून घ्यावी लागते. तुम्हाला ती कदाचित त्याच्याआधी दिसत असेल. त्या कागदाचा फोटो तुमच्या मोबाइलमध्येही असू द्या.

आणि घर. विचार ते कृती हा वेळ आखूड असेल तर घातक वस्तू दूर असणं हाच मिळालेला वेळ. लायसन्सची बंदूक असेल तर ती काही काळ पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येते. शेतातली फवारणीची औषधं भावकीत दुसऱ्याच्या घरी, कुलपात. गोळ्यांचा महिन्याचा साठा तुमच्या ताब्यात, त्यांच्या हातात रोजच्या रोज. हे त्यांच्यापासून लपवून करू नका. “सध्या डोकं ताळ्यावर नाही, तोवर हे बाजूला ठेवू” असं सरळ सांगितलेलं फौजी माणसाला पटतं. शस्त्र जमा करणं त्याला नवीन नाही.

यातलं काय आणि किती लागेल, हे त्यांना तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. फिट अलीकडे आली का, वय किती, दारू किती, घरात आधी कोणी असं केलंय का, यावर क्रम बदलतो. पण ‘जीव द्यावासा वाटतो’ असं ते म्हणाले, तर बाकी तपासण्यांची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञ आधी.

कुठे जायचं? ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आहेच. तिच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचार आणि न्यूरोलॉजी अशी दोन्ही रेफरल मागा, एकावर भागवू नका. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानसचा एक वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ पासून पुण्यात एएफएमसीमध्ये (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात) आहे. ‘वेड्याच्या डॉक्टरकडे’ यायला ते नकार देतील, तर आधी डोकेदुखी आणि झोपेसाठी म्हणून न्यूरोलॉजिस्टकडे न्या. ते खोटंही नाही. डॉक्टरांना मात्र तुम्ही दहा मिनिटं एकट्या भेटा. राग, दारू, पेन्शनचं ते वाक्य, हे त्यांच्यासमोर तुमच्याने बोलवणार नाही. पोलीस केस होईल ही भीती सासऱ्यांना वाटतेय, तर त्यांना सांगा: मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा होत नाही. विचार आहेत म्हणून डॉक्टरांकडे गेल्याने तर प्रश्नच येत नाही.

शेवटी तुम्ही अपंगत्व पेन्शनचं विचारलंय. स्फोटाच्या वेळचा इंज्युरी रिपोर्ट, फील्ड हॉस्पिटलचे कागद आणि रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे निवृत्तीवेळच्या वैद्यकीय तपासणीची, प्रत शोधा. नसतील तर सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तो लिहायला मदत मिळते. इजा सेवेमुळे झाली किंवा सेवेमुळे वाढली हे दाखवण्यावर सगळं अवलंबून असतं आणि त्याला वेळ लागतो. उपचार त्या निकालाला बांधून ठेवू नका. आणि कागदपत्रांचं काम त्यांच्याच हातात द्या, रोज अर्धा तास, तुम्ही शेजारी बसून.